मानसशास्त्रीय संशोधनातील पद्धतिभेद : स्मृतीच्या अभ्यासाच्या आधारे

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात संशोधनपद्धतींचा परिचय करून देताना त्यांची मांडणी बहुधा कारागिराच्या हत्यारांसारखी केली जाते. प्रयोग, पाहणी, व्यक्ति-अभ्यास, मुलाखत, निरीक्षण अशी एकेक पद्धती घ्यावी, तिचे गुणदोष सांगावेत आणि पुढील पद्धतीकडे वळावे, असा हा क्रम असतो. अध्यापनाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात एक गैरसमज मूळ धरतो. अभ्यासविषय एकच असून त्याच्याकडे जाण्याचे मार्ग तेवढे अनेक आहेत, आणि त्यांतील कोणता पत्करावा हा केवळ सोयीचा अथवा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे त्याला वाटू लागते.

या समजुतीचे दोन परिणाम प्रबंधांतून दिसून येतात. ज्याला आकड्यांची सवय असते, तो प्रथम दोन-तीन प्रश्नावल्या निवडतो, त्यांच्या गुणांकांतील सहसंबंध काढण्याचे ठरवितो आणि मग या चौकटीत बसेल असा विषय शोधतो. ज्याला आकडे नकोसे वाटतात, तो मुलाखतींकडे वळतो. आणि मापन टाळले की प्रामाण्याची जबाबदारीही टळली, अशी समजूत करून घेतो. वरकरणी परस्परविरुद्ध वाटणाऱ्या या दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे. पद्धती ही प्रश्नाच्या आधी निवडली गेली आहे.

वस्तुतः प्रत्येक पद्धतीच्या पोटी अभ्यासविषयाच्या स्वरूपाविषयी एक गृहीत दडलेले असते. ती पद्धती काही गोष्टी पकडते आणि काही सोडून देते. आणि जे सोडून दिले जाते तेच दुसऱ्या पद्धतीचे मुख्य लक्ष्य असू शकते. मानसशास्त्रातील पद्धतिभेदाचे समर्थन करावयाचे असेल तर ते या वस्तुस्थितीच्या आधारेच करता येईल. केवळ उदारमतवादाच्या आधारे नव्हे. स्मृती या एकाच विषयाच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला असता हे स्पष्ट होते.

१. वादाचा आरंभ

विल्हेल्म वुंट याने १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि तेव्हापासून मानसशास्त्र प्रयोगनिष्ठ झाले, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. परंतु वुंटची स्वतःची भूमिका याहून अधिक सावध होती. संवेदना, प्रतिक्रियाकाल, अवधान यांसारख्या प्राथमिक प्रक्रिया प्रयोगाच्या कक्षेत येतात. भाषा, पुराणकथा, रूढी यांतून व्यक्त होणारे मन मात्र समूहाची निर्मिती असल्याने त्याचा अभ्यास तुलनात्मक व ऐतिहासिक पद्धतीनेच करावा लागतो, असे त्याचे मत होते. या दुसऱ्या शाखेसाठी त्याने १९०० ते १९२० या काळात दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. देशोदेशींच्या ज्या विद्यार्थ्यांनी लाइपझिगहून प्रयोगशाळेची कल्पना आपापल्या विद्यापीठांत नेली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे दहा खंड मात्र मागेच ठेवले.

ही फाळणी तात्त्विक पातळीवर १८९४ मध्ये उघड झाली. त्या वर्षी विल्हेल्म डिल्टाय याने वर्णनात्मक मानसशास्त्राची बाजू मांडली. थोड्याशा मूलघटकांपासून आणि अभ्युपगमांच्या साहाय्याने मानसिक जीवनाची उभारणी करू पाहणारे शास्त्र हे निसर्गविज्ञानांचे अनुकरण आहे. मानसिक जीवन तर अनुभवाला मूळचेच एकसंध स्वरूपात येते, म्हणून त्याचे स्पष्टीकरण नव्हे तर आकलन करावयाचे असते, हा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्याला १८९६ मध्ये उत्तर दिले ते हेर्मान एबिंगहाउस याने. डिल्टाय ज्या मानसशास्त्रावर टीका करीत आहे ते जुन्या पिढीचे आहे. शिवाय वर्णन करणाऱ्यालाही अनुभवातील तुटलेले दुवे अनुमानानेच जोडावे लागतात, म्हणजे अभ्युपगमांतून त्याचीही सुटका नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

या वादात विल्हेल्म विंडेलबांट याने त्याच वर्षी, म्हणजे १८९४ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथील भाषणात केलेला भेद अधिक उपयुक्त ठरतो. विज्ञानांचे वर्गीकरण त्यांच्या विषयावरून न करता त्यांच्या उद्दिष्टावरून करावे, असे त्याने सुचविले. काही संशोधन सामान्य नियम शोधते, तर काही एकदाच घडलेल्या विशिष्टाचे स्वरूप जाणू पाहते. एकच वस्तू या दोन्ही प्रकारच्या जिज्ञासेचा विषय होऊ शकते. पुढे १९३७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट याने हा भेद व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात आणला. पद्धतिभेदाच्या चर्चेत विंडेलबांटचा हा मुद्दा सतत लक्षात ठेवणे आवश्यक आहे : भेद मनाच्या दोन विभागांतला नाही, त्याला विचारलेल्या दोन प्रश्नांतला आहे.

२. एबिंगहाउस : स्मृतीचे मापन

एबिंगहाउसचा स्मृतिविषयक ग्रंथ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च मानसिक प्रक्रियांचे मापन होऊ शकत नाही, या समजुतीला तो प्रत्यक्ष उत्तर होता. त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक शब्दावयव तयार केले, त्यांच्या मालिका ठराविक गतीने वाचून पाठ केल्या आणि काही काळाने त्याच मालिका पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी पडतात हे मोजले. या बचतीवरून धारणेचे प्रमाण ठरविता येते. सुमारे वीस मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के होती, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. विस्मरण आरंभी वेगाने होते व नंतर त्याची गती मंदावते, हा निष्कर्ष या आकड्यांतून निघतो.

या सर्व प्रयोगांत प्रयुक्त एकच होता, आणि तो स्वतः प्रयोगकर्ताच होता. आजच्या परीक्षकासमोर असा प्रबंध आला तर प्रयुक्तांच्या संख्येवरूनच तो परत पाठविला जाण्याचा संभव आहे. तथापि २०१५ मध्ये याप म्युरे आणि योएरी ड्रॉस यांनी एकाच प्रयुक्तावर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मिळालेला विस्मरणवक्र मूळच्या वक्राशी बऱ्याच अंशी जुळला. निष्कर्षाची विश्वसनीयता केवळ प्रयुक्तांच्या संख्येवर अवलंबून नसते. परिस्थितीवरील नियंत्रण, मापनांची पुनरावृत्ती आणि परिणामाचे आकारमान यांचाही तिच्याशी निकटचा संबंध असतो.

परंतु हे नियंत्रण कोणत्या किमतीला प्राप्त झाले, हेही पाहिले पाहिजे. शब्दावयव निरर्थक असण्याचे कारणच हे की, अर्थ, आवड, पूर्वस्मृती यांचे साहचर्य व्यक्तिगणिक बदलते आणि त्यामुळे मापन अस्थिर होते. एबिंगहाउसला या किमतीची जाणीव होती. त्याने तुलनेसाठी बायरनच्या दीर्घकाव्यातील कडवीही पाठ केली आणि तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मालिकेच्या मानाने त्यांना सुमारे एक दशांश श्रम पुरतात, असे त्याला आढळले. याचा अर्थ असा की, अर्थ आणि छंद यांचा परिणाम क्षुल्लक नव्हे, तर अतिशय मोठा आहे, हे त्याने स्वतःच मोजून दाखविले होते. जो घटक त्याने बाजूला सारला तो मोठा होता म्हणूनच त्याला बाजूला सारणे भाग होते.

३. बार्टलेट : अर्थाचा शोध

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात नेमक्या याच घटकाला मध्यवर्ती स्थान दिले. सामान्य जीवनात मनुष्य निरर्थक शब्दावयव पाठ करीत नाही. अर्थ काढून टाकल्याने स्मृती शुद्ध स्वरूपात हाती येत नाही. उलट एक निराळीच, कृत्रिम सवय तेवढी अभ्यासिली जाते, असा त्याचा आक्षेप होता. त्याने प्रयुक्तांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचावयास दिली आणि पंधरा मिनिटांनी, काही दिवसांनी, काही महिन्यांनी व प्रसंगी काही वर्षांनी ती आठवून लिहावयास सांगितली. कथा दर वेळी आखूड होत गेली. अपरिचित तपशील गळले किंवा त्यांच्या जागी ओळखीचे तपशील आले. मूळ कथेतील भुतांचा संदर्भ अनेकांच्या कथनातून नाहीसा झाला. जेथे घटनांत संगती दिसत नव्हती तेथे कारणे घालण्यात आली. यावरून स्मरण म्हणजे साठविलेल्या ठशांचे वाचन नसून पूर्वानुभवाने घडलेल्या आकृतिबंधाच्या आधारे केलेली पुनर्रचना होय, असा निष्कर्ष त्याने काढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कथा परक्या संस्कृतीतील होती, म्हणूनच वाचकांच्या मनातील आकृतिबंध उघडे पडले. ती त्यांच्या ओळखीची असती तर पुनर्रचना झाली असूनही दिसली नसती. जे परिवर्त्य एबिंगहाउसने स्थिर ठेवले, त्याला बार्टलेटने हेतुपूर्वक ताण दिला.

बार्टलेटच्या पद्धतीतही दोष होते आणि ते दाखवून देण्यात आले. कालांतरे अनियमित होती. निष्कर्ष संख्याशास्त्रीय सारांशाऐवजी निवडक नमुन्यांच्या आधारे मांडलेले होते. आणि प्रयुक्तांना अचूकतेविषयी काटेकोर सूचना दिलेल्या नव्हत्या. १९६७ मध्ये अॅलन गॉल्ड आणि जेफ्री स्टीफनसन यांनी अशा काटेकोर सूचना देऊन पाहिले, तेव्हा चुकांचे प्रमाण बरेच घटले. म्हणजे पुनर्रचनेचा काही भाग स्मृतीचा नसून कथा नीटस सांगण्याच्या प्रयत्नाचा होता. दुसऱ्या बाजूला, १९९९ मध्ये एरिक बर्गमन आणि हेन्री रोडिगर यांनी मूळ प्रयोगाची नियंत्रित पुनरावृत्ती केली असता, काळ जाईल तसतसा विपर्यास वाढतो हा बार्टलेटचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. गुणात्मक निरीक्षणातून उद्भवलेली उपपत्ती मापनाच्या कसोटीला उतरू शकते, आणि कसोटीला उतरताना तिचा काही भाग गळूही शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

४. अफवांचा अभ्यास : क्षेत्रातून प्रयोगशाळेकडे

बार्टलेटने आणखी एक पद्धती वापरली होती. एका प्रयुक्ताने आठवून लिहिलेली कथा दुसऱ्याला द्यावयाची, त्याने लिहिलेली तिसऱ्याला, आणि अशा साखळीत कथेचे रूपांतर कसे होते ते पाहावयाचे. ही परिस्थिती अफवेच्या प्रसाराशी मिळतीजुळती आहे. तथापि अफवा जेथे खरोखर जन्मते तेथे भय असते, अनिश्चितता असते. आणि या गोष्टी प्रयोगशाळेत निर्माण करणे शक्यही नसते व उचितही नसते.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेल्या भीषण भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्या भागात धक्का जाणवला पण प्रत्यक्ष हानी झाली नाही, तेथेही याहून भयंकर संकटे लवकरच कोसळणार असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. पुढे १९५२ मध्ये दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगकडील दरडी कोसळण्याच्या आपत्तीनंतरच्या वार्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे विध्वंस लोकांच्या डोळ्यांसमोर होता. आणि तेथे अशा अतिरंजित भाकितांचा अभाव आढळला.

घाबरलेल्या माणसाने अधिक घाबरविणाऱ्या वार्तांवर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न या सामग्रीतून उभा राहिला. भय तर वाटते आहे, पण भिण्यासारखे समोर काही दिसत नाही, ही विसंगती दूर करण्यासाठी अशा वार्ता स्वीकारल्या जातात, असे स्पष्टीकरण लिऑन फेस्टिंगर याने दिले. बोधात्मक विसंवादाच्या ज्या उपपत्तीवर त्याने १९५७ मध्ये ग्रंथ लिहिला, तिच्या विचाराचा आरंभ प्रसाद यांच्या या अभ्यासापासून झाला.

या दोन भारतीय अभ्यासांची तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. एका ठिकाणी भूकंप होता, दुसऱ्या ठिकाणी दरडी होत्या; काळ, प्रदेश व लोक भिन्न होते. त्यामुळे अफवांतील फरकाचे कारण निश्चित करण्यास ती अपुरी आहे. परंतु ज्या प्रश्नासाठी पुढे शेकडो प्रयोग झाले तो प्रश्न प्रयोगशाळेत सुचला नसता. शोध आणि पडताळा ही संशोधनाची दोन भिन्न कार्ये आहेत. एका कार्याला साजेशी पद्धती दुसऱ्याला अपुरी पडते, म्हणून तिला निरुपयोगी ठरविणे योग्य नाही.

५. एकच रुग्ण

अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने तीव्र अपस्माराने त्रस्त असलेल्या एका सत्तावीस वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतील दोन्ही कुंभखंडांचा आतील भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या अंशासह, काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु नवीन घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची नष्ट झाली. मानसशास्त्रीय वाङ्मयात हा रुग्ण एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जाहीर झाले.

माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. स्कोव्हिल व मिल्नर यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५७ चा आहे. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम मिल्नर यांनी त्याला तीन दिवस दिले. प्रत्येक दिवशी हे काम आपण पूर्वी केल्याचे त्याला स्मरत नव्हते. तरीही त्याच्या चुका क्रमाने कमी होत गेल्या. स्मृती ही एकच शक्ती असती तर हे घडले नसते. घटनांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती या भिन्न व्यवस्थांवर अवलंबून आहेत, या मताला येथून बळ मिळाले.

एका व्यक्तीवरून सर्वसामान्य विधान कसे करता येते, असा आक्षेप येथे साहजिकच घेतला जाईल. उत्तर तर्कशास्त्रात आहे. एखादी उपपत्ती अमुक गोष्ट अशक्य आहे असे म्हणत असेल, तर ती गोष्ट एकदा निर्विवादपणे घडणे एवढेच तिच्या खंडनास पुरेसे होते. मात्र ही शक्ती खंडनापुरती मर्यादित आहे. नुकसान नेमके किती व कोठे झाले, ते इतर रुग्णांत तसेच आढळते काय, हे प्रश्न एका रुग्णावरून सुटत नाहीत. काढलेल्या भागाविषयीचा शल्यविशारदाचा अंदाज प्रत्यक्षाहून अधिक होता, हे १९९७ मध्ये चुंबकीय प्रतिमांवरून दिसून आले. शिवाय या ज्ञानाचे मोल एका मनुष्याने आपल्या आयुष्याने दिले आहे. ज्याला दिलेली संमतीही आठवत नाही अशा व्यक्तीवर अर्धशतकाहून अधिक काळ संशोधन करताना संशोधकावर कोणती बंधने येतात, हा पद्धतीच्या विचाराबाहेरचा प्रश्न मानता येणार नाही.

६. साक्षीदाराची स्मृती

पद्धतींचा हा वाद केवळ विद्यापीठांपुरता नाही, हे साक्षीच्या प्रश्नावरून कळते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रयुक्तांना मोटारअपघाताची चित्रफीत दाखवून मोटारींच्या वेगाविषयी प्रश्न विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले होते. मोटारी एकमेकींवर जोराने आदळल्या असे म्हटले तेव्हा वेगाचा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल आला. एकमेकींना लागल्या असे सौम्य क्रियापद वापरले तेव्हा तो ३१.८ मैल आला. दुसऱ्या प्रयोगात, एका आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले. साध्या धडकेचे क्रियापद ऐकणाऱ्या ५० पैकी ७ जणांनी सांगितले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

यानंतर १९८६ मध्ये जॉन यूल आणि ज्युडिथ कट्शॉल यांनी कॅनडातील एका प्रत्यक्ष गोळीबाराच्या तेरा साक्षीदारांच्या मुलाखती घटनेनंतर चार-पाच महिन्यांनी घेतल्या. पोलिसांकडील नोंदींशी ताडून पाहता त्यांची निवेदने बरीच अचूक होती, आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही. वरवर पाहता एक अभ्यास दुसऱ्याला खोटा पाडतो. वस्तुतः दोहोंचे प्रश्न वेगळे आहेत. घटनेनंतर मिळालेली माहिती स्मृतीत बदल घडवू शकते काय, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नियंत्रित तुलनेनेच मिळू शकते. एका विशिष्ट घटनेत, भयाच्या प्रसंगी प्रत्यक्ष सापडलेल्या माणसांच्या बाबतीत तसे घडले काय, हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्या अभ्यासावरून कोणत्याही साक्षीदारावर विश्वास ठेवू नये असे न्यायालयाला सांगणे जितके चुकीचे, तितकेच दुसऱ्यावरून सर्व साक्षीदार विश्वासार्ह आहेत असे सांगणेही चुकीचे ठरेल. येथे चुकीच्या अनुमानाचे फळ एखाद्या निरपराध माणसाला भोगावे लागते.

उल्रिक नायसर याने १९७८ मध्ये कार्डिफ येथील परिषदेत स्मृतीच्या प्रयोगशाळेतील अभ्यासावर कठोर टीका केली होती. महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नांना मानसशास्त्रज्ञांनी हातच घातलेला नाही, असा तिचा रोख होता. पुढे १९८१ मध्ये त्याने वॉटरगेट प्रकरणातील साक्षीदार जॉन डीन याची साक्ष अध्यक्षांच्या कार्यालयातील ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिली. शब्द चुकले होते, कित्येक संभाषणांचे सारही चुकले होते, स्वतःची भूमिका वाढवून सांगितली गेली होती. तथापि एकूण प्रकरणाचे स्वरूप त्याने योग्य सांगितले होते. आठवण खरी की खोटी, हा प्रश्नच किती पातळ्यांवर विचारावा लागतो, हे या एका अभ्यासाने दाखविले. नायसरच्या बाजूवर महझरीन बनाजी आणि रॉबर्ट क्राउडर यांनी १९८९ मध्ये प्रतिहल्ला केला. परिस्थिती नैसर्गिक असली म्हणून निष्कर्ष व्यापक होतात असे नाही. कृत्रिम परिस्थितीत मिळालेला नियम अधिक व्यापक असू शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. तोही नाकारता येण्यासारखा नाही. एबिंगहाउसचा वक्र याची साक्ष देतो.

७. प्रामाण्याची जबाबदारी

पद्धतिभेद मान्य केला म्हणजे सर्व पद्धती सर्व प्रसंगी समान होतात, असा अर्थ मात्र निघत नाही. ली क्रॉनबॅक याने १९५७ च्या आपल्या अध्यक्षीय भाषणात मानसशास्त्रात दोन शाखा परस्परांपासून अलग वाढल्याचे दाखविले. प्रयोग करणारा व्यक्तिभेदांना मापनातील उपद्रव मानतो. सहसंबंधांचा अभ्यासक त्याच व्यक्तिभेदांना आपला विषय मानतो. त्यांचा संयोग व्हावा, असे त्याने सुचविले. १९७५ मध्ये त्याच विषयाकडे परतताना, परिस्थिती आणि व्यक्ती यांच्या परस्परक्रिया वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत आणि सामान्य विधाने काळानुसार जुनीही होतात, असे त्याला म्हणावे लागले.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये या प्रश्नाला व्यावहारिक रूप दिले. अनेक गुणविशेष अनेक पद्धतींनी मोजावेत आणि सर्व सहसंबंध एका कोष्टकात मांडावेत, ही त्यांची सूचना होती. एकाच पद्धतीने मोजलेले दोन भिन्न गुणविशेष एकमेकांशी अधिक जुळत असतील, आणि दोन पद्धतींनी मोजलेला एकच गुणविशेष कमी जुळत असेल, तर हाती आलेला आकडा गुणविशेषाविषयी नसून पद्धतीविषयीच बोलत आहे असे समजावे. केवळ प्रश्नावल्यांवर उभारलेल्या प्रबंधांना ही कसोटी आजही लावून पाहण्यासारखी आहे.

आकड्यांच्या बाजूचा दुसरा धोका पॉल मील याने १९६७ मध्ये दाखवून दिला. दोन गटांत तंतोतंत शून्य फरक असणे मानसशास्त्रात जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे प्रयुक्त वाढविले आणि मापन सुधारले की शून्य फरकाचा अभ्युपगम सहज फेटाळला जातो आणि दुबळी उपपत्तीही सिद्ध झाल्यासारखी वाटते. पदार्थविज्ञानात मापन सुधारले की उपपत्तीची परीक्षा अधिक कठीण होते; येथे ती सोपी होते. या इशाऱ्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. २०१५ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून प्रमुख नियतकालिकांतील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होते. पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच तसे आढळले, आणि परिणामांचे सरासरी आकारमान सुमारे निम्मे भरले. प्रयोग या शब्दाला असलेली प्रतिष्ठा प्रयोगाच्या निष्कर्षाला आपोआप लाभत नाही, हे यावरून उघड आहे. अभ्युपगम व विश्लेषणाची योजना सामग्री गोळा करण्यापूर्वीच नोंदवून ठेवण्याची आणि सामग्री इतरांस उपलब्ध करून देण्याची जी प्रथा त्यानंतर रुजत आहे, ती या दोषाच्या निवारणासाठीच आहे.

गुणात्मक संशोधनालाही हाच न्याय लागू आहे, जरी त्याची साधने निराळी असली. मुलाखतींवरून काढलेल्या अर्थाला विरोध करणारी निवेदने शोधली गेली काय, ती वाचकासमोर ठेवली गेली काय, दुसऱ्या अभ्यासकाने तीच सामग्री वाचली असता कोणता अर्थ संभवतो याचा विचार झाला काय, आणि संशोधकाच्या उपस्थितीने निवेदनावर कोणता परिणाम झाला असेल, या प्रश्नांची उत्तरे प्रबंधात मिळाली पाहिजेत. बार्टलेटने प्रयुक्तांची निवेदने आपल्या ग्रंथात विस्ताराने छापली, म्हणूनच पुढील पिढ्यांना त्याच्याशी वाद घालता आला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनाचा रोख असा की, एबिंगहाउस, बार्टलेट, प्रसाद, मिल्नर व लॉफ्टस यांनी एकाच वस्तूची पाच चित्रे काढलेली नाहीत. धारणेचा काळाशी संबंध, आठवणीची अर्थानुसार होणारी रचना, वार्तेचे समूहातील कार्य, स्मृतीच्या भिन्न व्यवस्था आणि नंतरच्या माहितीचा आठवणीवरील प्रभाव, हे पाच प्रश्न आहेत. त्या प्रत्येकाला साजेशी पद्धती वापरली गेली म्हणून प्रत्येकातून काही टिकाऊ हाती लागले. यांपैकी कोणतीही एक पद्धती सर्वांवर लादली असती, तर उरलेले चार प्रश्न विचारलेच गेले नसते.

संशोधन हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून तीन गोष्टी आरंभीच लिहून काढणे हितावह ठरेल. आपला प्रश्न सामान्य नियमाविषयी आहे की विशिष्टाविषयी, शोधाचा आहे की पडताळ्याचा, ही पहिली. निवडलेली पद्धती विषयाचा कोणता भाग बाजूला ठेवते आणि त्या भागाचा परिणाम किती मोठा असण्याचा संभव आहे, ही दुसरी; बायरनची कडवी पाठ करून एबिंगहाउसने हेच केले होते. आणि कोणती सामग्री हाती आली असता आपला निष्कर्ष चुकीचा असल्याचे मान्य करावे लागेल, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरे पद्धतीगणिक बदलतील. तिसरीला मात्र प्रयोगकर्त्याने, पाहणी करणाऱ्याने आणि मुलाखत घेणाऱ्यानेही काही निश्चित उत्तर दिलेच पाहिजे. ज्या अभ्यासाला ते देता येत नाही, त्याची पद्धती कोणतीही असो, त्याचा आराखडा सामग्री गोळा करण्यापूर्वी पुन्हा तपासणे आवश्यक आहे.